तारेवरच्या बाया

गावात म्हातारी बाई वारली की तिसऱ्या दिवशी आमचे घरमालक त्या घरासमोर जाऊन उभे राहायचे. आत जायचे नाहीत, सांत्वनाचं काही बोलायचे नाहीत. डोक्यावरची टोपी काढून हातात धरायची आणि उंबऱ्याकडं बघत राहायचं. घरातलं कुणीतरी ओळखायचं आणि आतनं एक लुगडं आणून द्यायचं. नवं नाही, धुतलेलं तर अजिबात नाही. गेलेल्या बाईच्या अंगावर होतं ते शेवटचं. ते बगलेत मारून आले तसे निघून जायचे.

ही लुगडी ते आपल्या घराभोवती बांधायचे.

वाशिम जिल्ह्यात शेताला साड्या बांधतात, हे मी रस्त्याच्या कामावर आलो तेव्हाच बघितलं होतं. हरभऱ्याच्या, तुरीच्या वावराभोवती बांबू रोवायचे आणि जुन्या साड्यांची रांग ओढायची. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं फडफडीला बिचकतात. न्हाव्याकडनं माणसांचे केस आणून बांधावर टाकणारेही भेटले. पण राहत्या घराला साड्यांचं कुंपण मी किन्हीराजालाच पाहिलं, आणि तेही एकच. गावाचं शेवटचं घर, मागं पडीक रान, त्याच्यामागं डोंगर. घराला वळसा घालून तार ओढलेली आणि तिच्यावर पदराला पदर बांधून लुगडी. हिरवी, जांभळी, काही उन्हानं इतकी विटलेली की रंग विचारू नये. वारा नसला तरी त्यांच्यातलं एखादं हलत असायचं.

मी रोलर चालवतो. घर जतच्या बाजूला. आठवीतनं शाळा सुटली तेव्हापासनं मशीनच्या मागं मुलूख फिरतोय. त्या वर्षी बायको आणि नुकतीच बसायला लागलेली पोरगी बरोबर होती. कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत पोरीच्या अंगाला घामोळं उठलं, ताप हटेना. गावात खोली मागत फिरलो, पण बाहेरचा आणि त्यात रस्त्यावरचा माणूस म्हणून कुणी दार पुरतं उघडेना. आबाजींनी उघडलं. सारं गाव त्यांना आबाजी म्हणायचं, म्हणून आम्हीही. त्यांनी माझं नाव-गाव काही विचारलं नाही. पोरीच्या कपाळाला पालथा हात लावला आणि म्हणाले, "हिले मागल्या दारापासून दूर निजवजो, ड्रायवर. थे दार पुरं लागत नाई."

तेवढ्यावर आम्हाला घर मिळालं. त्या घरात पोरीचा ताप उतरला, हे मी विसरणार नाही.

मागचं दार खरंच लागायचं नाही. कडी बसायची, पण खाली सापटी होती, मांजर सहज यावं एवढी. मी फळी ठोकतो म्हणालो तर आबाजींनी हातातनं हातोडी घेतली. "फयीनं काय होते? घर बंद केलं की थे इचार करते, आत काय लपवलं हाये."

'थे' म्हणजे काय, ते कधीच सांगायचे नाहीत. गाव म्हणायचं बिबट. शेजारची कौसाबाई म्हणायची तडस, कारण तिनं त्याचं हसणं ऐकलं होतं. आम्ही डोंगर कापत होतो, सुरुंग लावत होतो, तेव्हा वर जे काही राहत होतं ते खाली सरकलं असणार, एवढं मलाही कळत होतं. गावातली कुत्री कमी होत होती. आबाजींना विचारलं की ते मागच्या दाराकडं हनुवटीनं खूण करायचे. "थे. दुसरं काय."

त्यांचे घरात राहण्याचे नियम होते. पोरीची लंगोटं दुपारनंतर बाहेर वाळत ठेवायची नाहीत. दुधाचं भांडं लगेच विसळायचं, पाणी चुलीच्या राखेत ओतायचं. आणि मागच्या दारानं बाहेर जायचं तर आधी आतनं दार वाजवायचं, खाकरायचं, थोडं थांबायचं. स्वतःच्याच घराचं दार आतनं वाजवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बायकोनं एकदा विचारलं, "आवो आबाजी, भाईर कोण हाय म्हणून वाजवताय?"

"असंन त जाईन नं थे. त्याले बी लाज राह्यते, माय. तोंडासमोर तोंड आलं की मंग लाज मोडते."

सकाळी उठले की ते तारेपाशी जायचे आणि एकेकीची विचारपूस करायचे. "काय वं गंगाबाई, कोनी आलतं का?" मग कान देऊन उभे. मग पुढची. चहा घेताना आम्हाला बातमी मिळायची. "कोल्हं येऊन गेलं बाभयीपाशी. सरूबाई म्हनते, लंगडत होतं." आम्ही नवराबायको हसू दाबायचो. आणि ड्युटीला निघताना मी बाभळीपाशी वाकून बघायचो. मातीत तीन पायांचे ठसे नीट असायचे, चौथ्याची नुसती ओढ.

कुणाला कुठं बांधायचं, यातही त्यांचा विचार होता. "ही लय भांडखोर. सासऱ्याले बी सोडलं नाई इनं. हिले डोंगराकडून ठेवलं." एक फिकट निळं लुगडं मात्र अगदी भिंतीजवळ, तुळशीपाशी. "ही गरीब सभावाची. हिले एकटीले भेव वाटते."

कौसाबाईचा भाजीचा मळा होता. तालुक्याच्या मालेगावच्या बाजारात वांगी, मिरच्या घालायची. कुंपणाजवळनं जाताना तिचं तोंड थांबायचं नाही. "आबाजी, साऱ्या बायाच बायाच जमवल्या तुमी! बाप्याचं धोतर काहून नाई बांधत?"

"बाप्या मेल्यावर बी झोपते. बाई जागी राह्यते."

"हे मातर खरं बोलला बुढा!" आणि माझ्याकडं वळून, "माह्यं लुगडं मी आत्ताच लपवून ठेवतो बाप्पा. मेल्यावर बी याच्या घरची राखन कोन करीन?"

"तुले डोंगराकडूनच बांधीन," आबाजी म्हणायचे. हसायचे नाहीत.

एका दुपारी वानरांचा कळप आला. गावात त्यांनी कौलं उलटी करून टाकली होती, कौसाबाईची वांगी ओरबाडली होती. आमच्या घरापाशी आले आणि गप्प झाले. तारेच्या बाहेर, एका ओळीत, काळी तोंडं आमच्याकडं करून बसले. आत अंगणात पोरीसमोर केळ्याची फणी उघडी होती. एक मोठा नर पुढं आला, त्यानं लुगड्याच्या काठाला बोट लावलं. चटका बसावा तसा हात मागं घेतला आणि तो हात किती तरी वेळ हुंगत राहिला. मग सगळे उठून निघून गेले. एकानंही मागं वळून बघितलं नाही. बायकोनं पोरीला उचललं. म्हणाली, "ह्या बायांनी वाचवलं आपल्याला." त्या दिवसापासनं आम्ही हसायचं सोडून दिलं.

आणि त्याच उपकाराच्या ओझ्यानं तिनं पुढं जे केलं ते केलं.

चैत्रात आबाजी पोहरादेवीच्या यात्रेला जायचे. देवाधर्माचं फारसं वेड नव्हतं त्यांना. का जाता म्हणून विचारलं तर म्हणाले, "लय मानसं येते तिथं. मानसाचा वास आंगाले लावून आनतो." जाताना पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवला, तारेला एक फेरी मारली आणि गावातल्या लोकांबरोबर टेम्पोत बसून गेले.

ते गेले त्या सकाळी बायको कमरेला पदर खोचून उभी. "त्या लुगड्यांकडं बघवंना वो. तुमच्या रोलरची धूळ समदी त्यांच्यावरच बसलीया. पाखरांनी घाण केलीया. म्हाताऱ्यानं आपल्याला घर दिलं, पोरगी वाचली. येस्तोवर समद्या धुऊन ठिवू. आपल्याकडं पाडव्याला घर धुत्यात, तसं समजा."

मलाही ते चांगलं वाटलं. कामावरच्या टँकरवाल्याला सांगून मी पिंपं भरून आणली. दिवसभर ती पावडर घालून धूत होती, आपटत होती, निळीत बुडवत होती. सांजेपर्यंत सगळी लुगडी पुन्हा तारेवर, ज्या जागेवर जी होती तिथंच. रंग उघडले होते. सगळीकडं साबणाचा वास. घराला लग्नघराची कळा आली होती.

कौसाबाई मिरच्यांची पाटी घेऊन आली ती कुंपणापाशीच थांबली. पाटी खाली ठेवली आणि तोंडावर हात ठेवला. "काय करून ठेवलं वं माय!"

"धुतल्या की. का वो?"

ती पाटी उचलून तशीच मागं फिरली. एरवी ज्या बाईला गप्प बस म्हणावं लागायचं, ती.

दुसऱ्या दिवशी आबाजी आले. पोरीसाठी प्रसादाचा नारळ आणला होता. तारेपाशी येऊन त्यांनी पहिलं लुगडं नाकाला लावलं. मग दुसरं. मग चालत चालत पुढं, एकेक. भिंतीजवळच्या फिकट निळ्यापाशी ते खाली बसले.

मी म्हणालो, "आबाजी, होत्या तशाच बांधल्यात. एक जागा बदलली नाही."

"लुगडे हायेत, ड्रायवर." त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता डोळ्यांत. राग असता तर बरं झालं असतं. "बाया कुठं हायेत?"

त्याच दिवशी दिवेलागणीला मी कामावरनं येऊन पाय धूत होतो. बायको पुढं भाकरी थापत होती. पोरगी रांगायला शिकली होती. आतनं तिचं बोलणं ऐकू येत होतं, लाळ गाळत, कुणाशी तरी बोलावं तसं. मी सहज डोकावलो. ती मागच्या दारापाशी पालथी पडली होती आणि तिचा एक हात सापटीतनं बाहेर होता, कोपरापर्यंत. सापटीतनं धूळ आत येत होती. थांबून थांबून. फुंकर घालावी तशी आत यायची, मग बाहेर ओढली जायची. कुजक्या पानांचा, ओल्या केसांचा वास खोलीत भरला होता. पोरगी खुदकन हसली, बहुतेक हाताला काहीतरी मऊ लागलं होतं.

आबाजी माझ्या मागनं आत आले, पोरीला पायाला धरून हळू मागं ओढलं आणि दार वाजवलं. आतनं, रोजच्यासारखं. खाकरले. थांबले. धूळ यायची बंद झाली. पोरीचा हात ओला होता. एक ओरखडाही नव्हता.

"लाज हाये अजून त्याले," ते म्हणाले. "एखादवेळी उद्या नसंन."

रात्रभर आम्ही पोरीला दोघांच्या मधे घेऊन बसलो. सकाळी दाराबाहेर मातीत कुणीतरी मोठं जनावर बसून राहिल्याची खूण होती. मी सकाळपासनं गावात दुसरी खोली शोधली, नाही मिळाली. कॅम्पातले पत्रे तर चैत्रात तव्यासारखे. सुट्टी मागितली तर मुकादम म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस. मी परत आलो तेव्हा बायको अंगावरची नेसती साडी सोडून दुसरी नेसली होती आणि ती सोडलेली साडी आबाजींपुढं धरून उभी होती. "ही बांधा आबाजी. धुतल्याली न्हाई. माझ्या अंगाचा वास हाय हिला."

एवढा शांत माणूस, पण त्यांनी ती साडी हातानं उडवली. "पागल झाली का वं! जित्या बाईचं लुगडं तारेवर गेलं की थे बाईले मांगते. लेकराच्या मायचं बांधू म्या?"

"मग काय करायचं वो? गावात कोण म्हातारी मरायची वाट बघायची व्हय?"

आबाजी उठले आणि न्हाव्याकडं गेले. आले ते डोकं, मिशा सगळं उतरवून. विहिरीवर अंघोळ केली. अंगावरनं उतरवलेलं धोतर आणि पैरण, घामानं ताठ झालेली, त्यांनी मागच्या दारासमोरच्या तारेला बांधली, डोंगराकडच्या बाजूला. स्वतः एक धुतलेलं हिरवं लुगडं दुहेरी करून कमरेला गुंडाळलं.

"ह्या आता नुसत्या चिंध्या हायेत. नेसाले चालते," म्हणाले. मग आम्हा दोघांना समोर बसवलं. "मी सारी उमर लोकायच्या वावरात जागल केली. मी झोपनारा बाप्या नाई. आता मी तिथं हाओ." त्यांनी धोतराकडं बोट केलं. "मले हाक मारू नका. माहं नाव घेऊ नका. मेल्या मानसाशी जसं वागते तसं वागा."

बायको रडायला लागली. "आबाजी, असं काय बोलताय? पाया पडते तुमच्या."

ते ऐकत नसल्यासारखे उठून गेले.

त्या दिवसापासनं ते घरात आले नाहीत. गोठ्याच्या पडवीत राहायचे. बायको पत्रावळीवर भाकरी ठेवून आत यायची, मग ते जेवायचे. हातात दिलं तर घ्यायचे नाहीत. कौसाबाईला आधी चेव आला. "मेलो म्हनते आन् दोन भाकरी हानते! आमचा बुढा मेला तवा त एवढा खात नवता!" आबाजींनी तिच्याकडं बघितलं नाही. तिच्यातनं पलीकडं बघितलं. ती चार-आठ दिवस बोलत राहिली, मग तिचीही थट्टा आटली.

कारण कुत्र्यांचं आमच्याआधी तिच्या लक्षात आलं. आबाजी गावातनं गेले की कुत्री ओळखीनं शेपूट हलवायची. आता हलवेनात. भुंकतही नसत. ते रस्त्यात झोपलेल्या कुत्र्याच्या नाकाशी पाय ठेवून पुढं जायचे आणि कुत्रं कान हलवायचं नाही. पोरगीही तशीच. आधी आबाजी दिसले की झेप घ्यायची. आता ते समोरनं गेले तरी तिची नजर हलायची नाही. मात्र सकाळी खिडकीशी नेलं की ती तारेवरच्या धोतराकडं बघून दोन्ही हात नाचवायची, माणूस बघून नाचवावेत तशी.

'थे' परत आलं नाही. गावाच्या त्या टोकाला एक गोऱ्हा गेला, शेळ्या गेल्या. आमच्या दारापाशी मातीवर चिमणीच्या पायाशिवाय काही उमटलं नाही. जंगलखात्याचा माणूस येऊन सांगून गेला की माणसाच्या घामाच्या वासानं जनावर लांब राहतं, यात नवल नाही. असेल. शिकलेला माणूस होता. पण कुत्र्यांचं काय ते त्याला विचारायला मला सुचलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर आमचा रस्ता पुढं सरकला आणि मला दुसऱ्या राज्यात जायचा हुकूम आला. पोरगी धरून उभी राहायला लागली होती. बायकोनं हट्ट धरला. "आपुन चाललो. घरात लेकरू न्हाई म्हटल्यावर त्यांनी कशाला मेल्यागत ऱ्हायचं? त्यांना परत आणल्याबिगर मी टेम्पोत बसणार न्हाई."

तोड कौसाबाईनं सांगितली. "आमच्या इकडं मेला समजून सोडेल मानूस घरी आला त त्याचं बारसं करा लागते. पयल्यापासून नाव ठेवा लागते. मंग थो जिता."

निघायच्या दिवशी भर दुपारी टेम्पो पुढच्या दाराला लागला, सामान चढलं. रिकाम्या खोलीत पाळण्याच्या जागी चटई टाकली. बायकोनं पडवीत जाऊन आबाजींसमोर पदर पसरला, एक शब्द न बोलता. ते तिच्यामागनं आले. मागच्या दारानं आत आले आणि चटईवर बसले, अंगाला तेच हिरवं लुगडं. गूळ-खोबरं, घुगऱ्या, सगळं केलं होतं. नाव ठेवायला आत्या लागते, ती कौसाबाई झाली. "पाह्य बापा, केवढा भाचा झाला मले! पायन्यात मावते का हा?" आम्ही हसलो. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणी हसलं. आबाजींच्या ओठाचा कोपराही हलल्यासारखा वाटला.

कौसाबाई वाकली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तिनं "कुर्रऽऽ" केलं आणि त्यांचं नाव घेतलं. पुरं नाव, बापाच्या नावासकट.

"ओ," उत्तर आलं.

कौसाबाई वाकली होती तशीच राहिली. आबाजींचा चेहरा माझ्यासमोर होता. त्यांचे ओठ मिटलेले होते. ओ बाहेरनं आली होती, तारेच्या बाजूनं.

भिंतीला धरून उभ्या असलेल्या पोरीनं भिंत सोडली. मागच्या दाराकडं तोंड करून तिनं दोन्ही हात वर केले, घे म्हणून, आणि आयुष्यातलं पहिलं पाऊल टाकलं. आबाजी उठले. तिला उचलून त्यांनी बायकोच्या कडेवर दिलं. इतक्या दिवसांत पोरगी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मग ते मागच्या दारानं बाहेर गेले, आणि आज त्यांनी दार वाजवलं नाही, खाकरले नाहीत. बाहेरनं दार ओढून घेतलं.

"कडी लाव, ड्रायवर."

आवाज त्यांचाच होता. दाराला चिकटून आला की तारेपासनं, ते मला अजून सांगता येत नाही. बायको पोरीला छातीशी धरून माझ्याकडं बघत होती.

मी कडी लावली.